उधारीची वही आणि देणगीची पावती

पत्राचा सारांश: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी लिहिलं आहे. वय पन्नाशीच्या आसपास. धंदा दोघा भावांचा, दुकानात तीन पोरं आणि एक हमाल. वर्षाकाठी साठ-सत्तर हजार रुपये वर्गण्या-देणग्यांत जातात. गणपती, देवी, जयंत्या, सप्ते, उरूस, क्रिकेटच्या स्पर्धा, शाळेचं गॅदरिंग. ‘पैसे जातात, पण काही केल्याचं समाधान नाही,’ असं ते म्हणतात. थोरल्या भावाच्या मते सगळी रक्कम आषाढीला दिंडीच्या अन्नदानाला द्यावी. शेतकीचं शिक्षण घेतलेल्या मुलाच्या मते एकच काम धरावं, दुकानाचं नाव लावावं आणि फोटो फेसबुकवर टाकावेत. त्यांच्या स्वतःच्या मनात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काही करायचं आहे. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे : ‘गेल्या साली आमच्याच एका खातेदारानं जीव दिला. त्याच्याकडं आमची अठ्ठेचाळीस हजार बाकी होती.’ त्यांचा प्रश्न असा, की एवढ्याशा पैशात कुणाला धरावं आणि कुणाला सोडावं?

नमस्कार भाऊ,

तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ मी आधी घेते. बाकीचं पत्र त्या ओळीपाशी येऊन थांबतंय, असं मला वाचताना जाणवलं.

तुमच्या उधारीमुळं तो माणूस गेला, असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही स्वतःला तसं म्हणू नका. आत्महत्येमागं एकच एक कारण क्वचित असतं. नापिकी, बँक, सावकार, आजारपण, पोरीचं लग्न, आतल्या आत साचलेली निराशा, असं बरंच काही एकत्र येतं. पण तुमच्या मनात ती अठ्ठेचाळीस हजारांची ओळ सलते आहे, आणि देणगी कुणाला द्यायची हा प्रश्न तुम्हाला याच वर्षी पडला, हे मला योगायोगाचं वाटत नाही. म्हणून माझी विनंती आहे की या दोन गोष्टी वेगळ्या करा. त्या घराचं काय करायचं ते आधी ठरवा, आणि दर वर्षीच्या दानाचं नंतर. मनावरचं ओझं उतरवण्यासाठी दिलेला पैसा आपल्याला हलकं वाटेल तिथं जातो. समोरच्याची गरज मग मागं पडते.

ती बाकी सोडून द्या. पूर्ण. याद्यांमध्ये, भाषणांमध्ये किंवा घरातल्या हिशेबातही तिला ‘दान’ म्हणून धरू नका. वहीतून बुडीत कशी काढायची आणि करात तिचं काय होतं, ते तुमच्या सीएंना विचारा. त्या माणसाकडून सही केलेली चिठ्ठी किंवा कोरा धनादेश घेतलेला असेल, तर तो घरी नेऊन परत द्या. बाकी माफ झाल्याचं तोंडी सांगून त्याच्या मागं राहिलेल्या माउलीची भीती जात नाही. कागद हातात आला की जाते.

आता त्या घराची खरी गरज बघू. मराठवाड्यात अशा घरी शिलाई मशीन, किराण्याचं किट आणि फोटोग्राफर एकदमच पोचतात. मागं कागदांचा ढीग राहतो, त्याला मात्र कुणी हात लावत नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आहे का? सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावे गेलं? सरकारची एक लाखाची मदत पात्र ठरलेल्या प्रकरणांनाच मिळते, आणि पात्रता ठरवताना बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज बघितलं जातं. तुमच्यासारख्या दुकानांची उधारी त्यात धरली जात नाही, म्हणून कित्येक घरं ‘अपात्र’ या शिक्क्यासकट मागं राहतात. अशा घरांसाठी दुसरी दारं आहेत. विधवा बाईला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २०,००० आहेत. आणि एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, त्यात पात्र मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तालुक्याला किती जणांना हे माहीत आहे, तुम्हीच विचारून बघा.

जरा हिशेब मांडा. २,२५० गुणिले बारा म्हणजे एका मुलामागं वर्षाला २७,००० रुपये. मूल आठ वर्षांचं असेल तर अठरापर्यंत दहा वर्षं. एवढी रक्कम तुम्ही देणगी म्हणून कुठून आणणार? पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाइड, बँकेचं पासबुक, एवढं गोळा करून जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत पोचायला तुमच्या दुकानातलं एक पोरगं आणि थोडे दिवस पुरतात. तुमच्याकडं कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, तलाठी आणि ग्रामसेवक तुम्हाला नावानं ओळखतात. त्या बाईला ज्या टेबलावर तीन चकरा माराव्या लागतात, तिथं तुमचं काम एका फोनवर होतं. छोट्या व्यावसायिकाकडं पैशापेक्षा ही ओळख मोठी असते, आणि ती दानात धरायची असते हे आपल्या लक्षातच येत नाही.

हे त्या एका घरासाठी झालं, की तालुक्यातल्या आणखी चार-पाच घरांसाठी करा. तुमच्या मनात ‘आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं’ होती ना? त्यांच्यापर्यंत पोचायचा माझ्या मते सगळ्यात सरळ रस्ता हाच आहे.

आता वर्गण्यांकडं येते. ‘पैसे जातात, पण समाधान नाही’ असं तुम्ही लिहिता, तेव्हा गणपतीची पावती आणि मुलांच्या शिक्षणाची मदत तुम्ही एकाच खात्यात धरता. त्यामुळं दोन्हींवर अन्याय होतो. मंडळाची वर्गणी, जयंतीची पावती, सप्त्याची पंगत हा बाजारपेठेत चार लोकांत राहण्याचा खर्च आहे. त्यात वाईट काही नाही. गावाचे सण गावानंच करायचे असतात, आणि दुकानदारानं हात आखडता घेतला तर ते दिसतंही. फक्त त्याला एक ठरलेली रक्कम बांधून द्या आणि तिच्याकडून समाधानाची अपेक्षा ठेवू नका. वर्गणी गोळा करायला मंडळांना धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ती आहे का, हे सगळ्यांनाच हसतमुखानं विचारायची सवय ठेवा, म्हणजे कुणा एकाला विचारल्यासारखं होत नाही. आणि सगळ्या जयंत्या, सगळे सण, उरूस यांना सारखीच रक्कम द्या. गेल्या काही वर्षांत आपल्याकडं गावागावांत जी ताणाताणी झाली आहे, त्यात दुकानदाराच्या पावतीवरचा आकडासुद्धा लोक वाचतात. सगळ्यांना सारखं दिलेलं असलं की वाद तिथंच मिटतो.

रकमेचा निर्णय कधी घ्यायचा, हे तुमच्या धंद्यात फार महत्त्वाचं आहे. जूनमध्ये खरिपाचा माल भरताना तुमच्या हातात रोकड नसते. सोयाबीन विकून आणि कापसाचे पैसे येऊन उधारी वसूल होते ती दिवाळीनंतर. तेव्हा वर्षाचं दान गुढीपाडव्याला, मागच्या हंगामाचा ताळेबंद समोर ठेवून ठरवा. समजा पासष्ट हजार ठरले. पंधरा हजार वर्गण्यांना, दहा हजार भावाच्या अन्नदानाला, पाच-सात हजार अवचित संकटासाठी, आणि उरलेले तीस-पस्तीस हजार एका कामाला. हे आकडे मी उदाहरण म्हणून दिले, तुमचे तुम्ही मांडा. पण एकदा मांडले की घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असू द्या. त्यानंतर काउंटरवर कुणी नवीन पावतीपुस्तक घेऊन आलं, तर ‘यंदाचं आमचं ठरलंय, पाडव्याच्या आधी या, विचार करू’ एवढं उत्तर पुरतं. नाही म्हणायची भीती बहुतेक वेळा आपलंच काही ठरलेलं नसतं म्हणून वाटते.

‘एवढ्याशा पैशात’ या तुमच्या शब्दांवरही थोडं बोलायचं आहे. दोन टक्के सामाजिक खर्चाची कायद्यातली सक्ती मोठ्या कंपन्यांना आहे. नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी, यातली एखादी रेषा ओलांडणाऱ्यांना. तुम्हाला कुणाची सक्ती नाही, त्यामुळं इमारत बांधून तिच्यावर फलक लावायचीही गरज नाही. संस्थांना सगळ्यात अडचण येते ती रोजच्या खर्चाची. धान्य, वीजबिल, गॅस, स्वयंपाक करणाऱ्या बाईचा पगार. इमारतीला देणगीदार मिळतो, वीजबिलाला मिळत नाही. दर महिन्याला न चुकता येणारे अडीच हजार रुपये एखाद्या संस्थेला वर्षातून एकदा आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण त्यावर विसंबून तिला पुढचा महिना आखता येतो.

मग ते एक काम कोणतं? इथं माझं मत स्पष्ट आहे आणि ते तुम्हाला थोडं अडचणीचं वाटेल. तुमच्या दुकानाला जे कळतं, त्यातलं काम निवडा. तुम्हाला बियाणं कळतं, खत कळतं, औषध कळतं, आणि पंचवीस-तीस गावांतले शेतकरी तुमच्या शब्दावर पेरणी करतात. हे भांडवल ना देवस्थानाकडं आहे, ना मुंबईच्या संस्थेकडं.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. फवारणारा बहुतेक वेळा रोजंदारीचा मजूर असतो. ना तोंडाला मास्क, ना हातात मोजे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण म्हणजे विषाची पातळी, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मास्क, मोजे, चष्मा आणि ॲप्रन असे काही संच घेऊन ठेवा. फवारणीच्या दिवसांत मजुरांना फुकट वापरायला द्या, काम झालं की परत घ्या. लाल त्रिकोणाचं औषध विकताना सोबत दोन मिनिटं बोलणं सक्तीचं करा, मुलालाही आणि कामावरच्या पोरांनाही.

दुसरं, मे महिन्यात गावोगाव सोयाबीनची उगवण चाचणी करून दाखवा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे, आठवड्याभरात सत्तर किंवा जास्त उगवले तर घरचं बियाणं पेरायला चालतं. सोयाबीनचं सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेलं बियाणं घरचं वापरता येतं, दर साली पिशवी विकत घ्यायची गरज नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ते तुम्ही सांगितलंत तर तुमच्या काही पिशव्या कमी खपतील. खरं आहे. पण एका एकराला लागणाऱ्या तीस किलो बियाण्याचा खर्च ज्याच्या डोक्यावरून उतरेल, त्याची उधारीही तेवढी कमी होईल. माझ्या मते, ज्या दानाची झळ आपल्या धंद्याला थोडी बसते, ते पावती फाडून दिलेल्या दानापेक्षा खोलवर पोचतं. माती परीक्षणाचंही तसंच. नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायचं काम अंगावर घ्या. तुमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईला आणि गेवराई तालुक्यात खामगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. तिथले शास्त्रज्ञ बोलावलं तर गावात येतात. त्यांच्या कार्यक्रमाचा मंडप, पाणी आणि चहा तुमच्याकडून असू द्या.

याच्याही आधीची एक गोष्ट, आणि ती दानात येत नाही. युरिया-डीएपीसोबत कंपन्या लिंकिंगचा, म्हणजे सक्तीनं जोडून दिलेला दुसरा माल गळ्यात मारतात, आणि तुम्ही तो शेतकऱ्याच्या गळ्यात मारता. हा नाइलाज मला कळतो. तरी नको असलेली बाटली घ्यायला लावून त्याच शेतकऱ्याच्या पोराला वह्या वाटणं मला पटणार नाही, आणि तुमचं पत्र वाचून वाटतं की तुम्हालाही पटत नसावं. तालुक्यातल्या दुकानदारांनी मिळून कंपन्यांपुढं आणि कृषी खात्यापुढं हा विषय लावून धरला, तर त्या एका कामानं जेवढी घरं वाचतील तेवढी आपल्या देणग्यांनी वाचणार नाहीत. तुमच्या संघटनेच्या बैठकीत निदान विषय तरी काढा.

हे वाचणारे सगळेच खत-बियाण्याचे दुकानदार नाहीत. लातूरच्या दालमिलवाल्यानं एखाद्या वसतिगृहाची वर्षाची डाळ उचलावी. वाळूजच्या वर्कशॉपवाल्यानं आयटीआयच्या पोरांना मशीनवर हात बसवायला सुट्टीच्या दिवशी जागा द्यावी. मेडिकल स्टोअरवाल्यांनी रक्ताकडं बघावं. नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी दहा शिबिरं होतात, आणि एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद पडली की रक्तपेढ्या रिकाम्या होतात. रक्त फार दिवस टिकत नाही, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी ते लागतंच. शिबिर मेमध्ये घ्यायचं, एवढा बदलसुद्धा पुष्कळ आहे.

तुमच्या मुलाला संस्थेशी जोडून घ्यायचं असेल तर तेही चांगलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर आईबापांसोबत फडावर जातात आणि शाळा सुटते. हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत. तुमचे कित्येक गिऱ्हाईक हेच कोयते घेऊन निघणारे लोक असतील. जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात आर्वीला वंचित मुलांसाठी शांतिवन आहे, पालीला एचआयव्हीबाधित मुलांसाठी इन्फंट इंडिया आहे, अंबाजोगाईला १९८२ पासून ग्रामविकासाचं काम करणारं मानवलोक आहे. मी नावं घेतली म्हणून लगेच पैसे देऊ नका. कार्यक्रम नसेल अशा साध्या दिवशी जा, मुलांसोबत जेवा. धर्मादाय कार्यालयाची नोंदणी आणि मागच्या वर्षाचं लेखापरीक्षण बघायला मागा. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही. ‘तुम्हाला कोणत्या महिन्यात अडचण येते?’ हा प्रश्न नक्की विचारा, उत्तरातून संस्था कळते. पहिलं वर्ष थोडं द्या, पटलं तर तीन वर्षांचा शब्द द्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सगळ्या देशातून मदत आली. त्यातलं भारतीय जैन संघटनेचं काम आजही आठवतं, कारण त्यांनी सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवायची जबाबदारी घेतली आणि ती वर्षानुवर्षं निभावली.

सरकार जे देतंच, त्यावर खर्च करू नका. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत आहेत, मुलींना एसटीचा पासही मोफत आहे. अकरावी-बारावीची फी, नीटच्या क्लासच्या गावी खोलीचं भाडं, वसतिगृहाचं डिपॉझिट, इथं पोरं अडतात.

संकटासाठी ठेवलेल्या पैशाचंही हेच. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्याकडं जमिनी खरवडून गेल्या तेव्हा पहिल्या काही दिवसांत किराण्याची किटं भरपूर आली. तुमच्यासारख्या दुकानानं अशा वेळी थांबावं आणि रब्बीच्या तोंडाला हरभऱ्याचं बियाणं द्यावं. ते तुम्हाला घाऊक भावात मिळतं, आणि नेमकी तेव्हाच शेतकऱ्याकडं दमडी नसते.

भावाचं मन मोडू नका. दिंडीला जेवू घालणं ही आपल्याकडं पिढ्यांची श्रद्धा आहे, तिला हिशेबाच्या तराजूत टाकायचं कारण नाही. पैठणहून नाथांची पालखी तुमच्या जिल्ह्यातून जाते, शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. फक्त दिंडीच्या चालकांना आधी विचारा की कोणत्या मुक्कामी काय कमी पडतं. काही ठिकाणी तीन-तीन पंगती असतात आणि पुढच्या टप्प्यावर पाण्याचा टँकर नसतो. बायकांसाठी आडोसा आणि फिरतं शौचालय, पायांच्या जखमांना मलमपट्टी, यांचाही खर्च अन्नदानाइतकाच पुण्याचा आहे, हे भाऊंना तुम्ही नीट सांगितलंत तर त्यांना पटेल.

मुलाचं म्हणणं निम्मं मान्य करा. दुकानात एक पाटी लावा की आम्ही या वर्षी हे काम करतो. ते बघून शेजारचा दुकानदारही पुढं येतो, म्हणून सांगायला हरकत नाही. पण मुलांचे चेहरे आणि त्या बाईचा मदत स्वीकारतानाचा फोटो अजिबात नको. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बालन्याय कायद्यानं मनाई आहे, आणि कायदा नसता तरी त्या पोराला उद्या त्याच गावातल्या शाळेत बसायचं आहे. मदत घेणाऱ्यानं तुमच्याच दुकानातून खरेदी करावी, अशी अपेक्षा मनातसुद्धा ठेवू नका.

कराचं थोडक्यात सांगते. देणगीवरची करसवलत, आपण जिला ८०जी म्हणतो ती, जुनी करप्रणाली घेणाऱ्यालाच मिळते. दोन हजारांच्या वरची रोख देणगी आणि वस्तुरूपातली मदत त्यात धरत नाहीत. देणगी बँकेतूनच द्या आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. करासाठी काम बदलू नका.

आणि दुकानातली चार माणसं? हमालाचा आणि पोरांचा विमा आहे का? प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवनज्योती ४३६ रुपयांत होतो, दोन्हीत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. चौघांचे मिळून दोन हजारही होत नाहीत. पाडव्याच्या यादीत हे सगळ्यात वर लिहा.

काउंटरवर उधारी मागताना शेतकरी कधीकधी ‘आता काही खरं नाही’ असं बोलून जातो. असं बोलणं पोरांनी हसण्यावारी नेऊ नये, त्याला बसवून चहा द्यावा, घरी कुणाला तरी कळवावं. मानसिक आधारासाठी सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. दरपत्रकाच्या शेजारी तो मोठ्या अक्षरांत चिकटवा.

त्या घरी जाल तेव्हा वहिनींना सोबत न्या. त्या बाईला तुमच्यासमोर बोलता येणार नाही, वहिनींशी बोलेल. तुमच्या मुलाला बाहेर उभं करू नका, तोही आत येऊ द्या, पुढची सगळी कागदपत्रं त्यालाच करायची आहेत. पहिल्या भेटीत योजनांची यादी वाचून दाखवायची घाई नको. चिठ्ठी परत द्या, पोरं कितवीला आहेत ते विचारा, आणि पुन्हा कधी येऊ ते त्यांनाच ठरवू द्या.